केरसुणी आणि दगडू दफेदार

मला ज्यांनी मदत केली त्यांचं नाव दगडू दफेदार. मूळचे पारनेर तालुक्यातले, पण मी पाहिले ते नगरला, भिंगारच्या अलीकडे, राहुरीकडच्या एका इनामदारांच्या पागेत. नाव आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून कोणाला वाटेल, हा माणूस तक्रार घेऊन बसलाय. तक्रार आहेच. पण नाव पहिलं त्यांचं, तक्रार मागून.

तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो आणि तीन वर्षांत माझ्याबद्दल एक बरा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. माणूस घरापासून लांब असला की त्याला चांगल्या शब्दाची भूक लागते. भाकरी मिळत होती, अंथरूण मिळालं होतं, पण कोणीतरी एकदा 'बरं केलंस रे' म्हणावं, एवढ्यासाठी मी झुरत असे. आणि हे गृहस्थ सकाळी मला बघितल्या बघितल्या म्हणायचे, "आला का मुडदा? दिस वाया गेला."

मी देवगडकडचा. सहावीत असताना वडील गेले, शाळा सुटली. मामाच्या होडीवर माझा काही उपयोग नव्हता, कारण मला समुद्र लागायचा. कोकणातल्या माणसाला समुद्र लागतो म्हणजे काय, हे घाटावरच्यांना कळायचं नाही. आमच्या गावात लोक मला बघून तोंड फिरवून हसत. पुढे जर्मनीशी लढाई सुरू झाली आणि नगरला लष्करात भरती चालू आहे असं कोणीतरी सांगितलं. मी आलो. छाती मोजणाऱ्याने फीत लावली, काढली, पुन्हा लावली आणि हाताने जा म्हणून खूण केली. बाहेर येऊन मैदानाच्या कडेला एका लिंबाखाली बसलो. परत जायला तोंड नव्हतं आणि पुढे कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं.

समोर एक उंच माणूस येऊन उभा राहिला. फेटा, पिळलेल्या मिशा, खाकी कोट, त्याची बटणं लखलखीत, आणि खाली धोतर.

"ऊठ," म्हणाला. मी उठलो. "वजन किती?"

"माहीत नाही."

त्याने काखेत हात घालून मला सरळ वर उचललं आणि खाली ठेवलं. "गवताचा भारा यापरीस जड आसतो. जेवलास?"

मी मान खाली घातली, म्हणजे उत्तर मिळालंच. तो चालायला लागला, मीही मागून गेलो. पागेत इनामदार बाबासाहेब व्हरांड्यात चहा घेत बसले होते. त्यांच्यापुढे मला उभं करून दफेदार म्हणाले, "सरकार, ह्यो एक निकामी गडी गावलाय. अंगात हाड न्हाई, मांस न्हाई, अक्कल तर न्हाईच न्हाई. घोडं बघून चड्डीत मुतंल."

मला वाटलं, थट्टा करायलाच आणलंय आपल्याला. डोळ्यांत पाणी आलं. बाबासाहेबांनी कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, "ठेवून घ्या."

हुसेन नावाचा एक म्हातारा मोतद्दार तिथे घोड्याला खरारा करत होता. तो नंतर मला म्हणाला, "खुळ्या, रडतोस काय? दफेदारांनी एवढी शिफारस मेव्हण्याची पण केली नव्हती."

हा सगळा उलटा कारभार कळायला मला बरेच दिवस लागले. चांगल्या घोड्याला दफेदार कधी चांगलं म्हणत नसत. जो घोडा रंगात असेल, ज्याची चाल बघून रस्त्याने जाणारा सायकलवाला पाय टेकवून थांबेल, त्याला ते गाढव म्हणत, कुंभाराचं म्हणत, तीन पायांचं म्हणत. उलट एखादं खंगलेलं, टांग्यालासुद्धा जड झालेलं जनावर दारात आलं, तर त्याच्या मानेवरून हात फिरवून म्हणत, "झ्याक हाय. गुनी हाय बिचारं."

मी एकदा विचारलं, "दफेदार, त्याला चांगलं म्हणता मग आपल्या घोड्यांनी काय पाप केलंय?"

"त्याच्याकडं बघाया कोन येतंय? त्याला कशाची लागंल दिष्ट?" म्हणाले. "तुला कोन न्हावी मिळंना व्हय? तोंड बघ कसं झालंय." प्रश्नाचं उत्तर मिळालं की लगेच शिवी मिळायची. चहाबरोबर बिस्कीट असावं तशी.

याचं मूळ मला पारूकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने सांगितलं. दफेदारांच्या आईला आधी मुलगे झाले, एकामागून एक. राजाराम, सुंदर, माणिक. नावं ठेवली आणि गेले. मग हे झाले, तेव्हा आजीने त्यांना उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीने उचललं, आणि आजीने ओंजळभर कोंडा देऊन परत विकत घेतलं. नाक टोचलं. नाव ठेवलं दगडू. "आन मग जगले," भाकरी थापता थापता पारूकाकू म्हणाल्या, "जगले आन माझ्या मागं लागले. रोज म्हनत्यात, मीठ न्हाई, चव न्हाई, आन चार भाकरी खात्यात." दफेदारांच्या नाकपुडीचं भोक मी नंतर नीट पाहिलं. एवढ्या मोठ्या मिशांच्या वर ते बारीक भोक. तेव्हापासून त्यांची शिवी मला थोडी कमी लागे, पण लागे.

लष्करात ते घोडेस्वारांच्या पलटणीत दफेदार होते. लढाईच्या आधी पलटणीचे घोडे काढून घेतले आणि लोखंडी गाड्या दिल्या. दफेदार गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि त्यांनी पेन्शन मागितली. "ज्याला घाम येत न्हाई त्याच्यावर बसायचं न्हाई," असं त्यांनी साहेबाला सांगितलं म्हणतात. साहेबाला काय कळलं कोण जाणे.

मात्र घोड्याची परीक्षा करताना हा माणूस वेगळाच होई. पहाटे मैदानाच्या एका पट्ट्यावर आम्ही पाण्याचा शिडकावा करायचा, मग बैलगाडीची एक जुनी फळी दोरीने ओढून माती सपाट करायची. परातीतल्या पिठासारखी. त्यावरून घोडा आधी चालवत न्यायचा, मग दुडकीने, मग भरधाव. घोडा लांब गेला तरी दफेदार त्याच्याकडे बघत नसत. ते मातीकडे बघत. मागच्या पायाचा ठसा पुढच्या पायाच्या ठशाला गाठतो की ओलांडतो, कुठला खूर खोल रुतला, कुठला वर वर टेकला. गुडघ्यावर हात ठेवून, वाकून, एखादा जोशी पत्रिका बघतो तसे ते पुढे पुढे सरकत. वाकताना कमरेत कळ आली की घोड्याला शिवी.

आणि दमाची परीक्षा. घड्याळ त्यांच्याकडे नव्हतं, बाबासाहेबांनी एक देऊ केलं तर म्हणाले, "त्याला काय कळतंय?" धावून आलेल्या घोड्याच्या बरगडीवर तळहात ठेवायचा आणि शिव्यांची एक ठरलेली माळ सुरू करायची, एका लयीत, न थांबता: "मुडद्या, फुकटखाऊ, रडतोंड्या, उकिरड्याच्या राजा, खेचराच्या मेव्हन्या, कुंभाराला नको झालेल्या, ऊन खानाऱ्या, सावली खानाऱ्या..." माळ चांगली लांब होती. ती संपायच्या आत घोड्याचा श्वास बसला तर घोडा शर्यतीला तयार. माळ संपून दुसऱ्यांदा सुरू करावी लागली तर अजून मेहनत हवी. अर्ध्यात बसला तर दफेदार थांबत, हात काढून घेत आणि जमिनीवर थुंकत. तो सर्वांत मोठा मान.

यातल्या कुठल्याही गोष्टीने माझी चिडचिड होत नसे. होई ती त्यांच्या बोलण्याने. पुण्याहून एकदा बाबासाहेबांचे एक स्नेही आले. सुटाबुटातले, शर्यतींचे शौकीन. नव्या शिंगराला बघून म्हणाले, "वा! काय देखणं जनावर आहे हो!" दफेदार वळले ते थेट चुलीकडे गेले, तव्याच्या बुडाची काजळी बोटावर घेतली आणि येऊन शिंगराच्या कपाळाला फासली. जाता जाता पाहुण्यांच्या पांढऱ्या बाहीलाही लागली. पाहुणे रागावले. बाबासाहेबांना माफी मागावी लागली. आणि दफेदार मला म्हणतात, "तुझ्यामुळं झालं. तू काजळी जास्त धरू दिलीस तव्याला."

आता केरसुणीचं सांगतो.

बाबासाहेबांनी एक कुमैत घोडी घेतली होती. तांबूस अंग, काळे पाय, काळी आयाळ. त्यांनी तिचं नाव ठेवलं राजलक्ष्मी. दफेदारांनी ते नाव तोंडात घेतलं नाही. पहिल्याच सकाळी तिच्या शेपटीकडे बघून म्हणाले, "केरसुनी हाय ही." तेच नाव पागेत चाललं. दिवाळीत घरोघर केरसुणीलाच लक्ष्मी म्हणून हळदकुंकू लावतात, हे त्यांच्या मनात होतं की नव्हतं, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर शिवी मिळाली असती.

केरसुणीवर सकाळची रपेट माझ्याकडे होती. मी हलका. समुद्र लागणारा मी, घोड्यावर मात्र मला काही लागत नसे. हे मला तिथेच कळलं आणि दफेदारांमुळे कळलं. खोगीर कसायला, रिकिबीत पाय ठेवायला, पडायलासुद्धा त्यांनी शिकवलं. "नीट पड! पोत्यावानी काय पडतोस? पोत्याला किंमत आसती."

कॅम्पातल्या मैदानावर थंडीत मोठी शर्यत व्हायची. एका वर्षी केरसुणीने ती जिंकली, पुण्याच्या स्वाराखाली. त्या वर्षी शर्यतीच्या आधी दफेदार पागेत सगळ्यांना सांगत फिरत होते की घोडी तीन पायांची आहे, हिला जत्रेत पोरं बसवायला द्या. ती जिंकली आणि तेव्हापासून बाबासाहेबांच्या मित्रमंडळीत दफेदारांची शिवी म्हणजे शकुन झाला. शर्यतीच्या आधी लोक मुद्दाम येत: "काय दफेदार, यंदा किती शिव्या?"

पुढच्या वर्षी शर्यतीला आठदहा दिवस उरले असताना पुण्याचा स्वार तापाने पडला. बाबासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तूच बस रे. घोडी तुझ्या हाताला आहे."

मला त्या रात्री आणि पुढच्या कित्येक रात्री झोप नाही. भीतीही होती आणि आनंदही होता, दोन्ही एकाच पोटात. आईला कळवलं. मामालाही कळावं, असं लिहिलं. होडीत ओकणारा आता काय करतो, ते गावाला कळू दे, असं वाटत होतं. दफेदारांना सांगायला गेलो, तर ते खुराचा कचरा काढत होते. मान वर न करता म्हणाले, "लोक हसायला पायजेत शर्यतीत. त्ये एक बरं झालं."

शर्यतीच्या आदल्या सकाळी शेवटची रपेट. व्हरांड्यात बाबासाहेबांची माणसं जमली होती. बेलापूरचे दोन व्यापारी, कॅम्पातले घोड्यांचे डॉक्टर, आणखी चारजण. मी केरसुणीला सपाट केलेल्या पट्ट्यावरून सोडली. काय सांगू! पायाखाली जमीन आहे हे कळत नव्हतं. चांदबिबीच्या महालाचा डोंगर समोर हलत होता, तो मी हलत होतो की डोंगर, ते कळत नव्हतं. परत फिरलो, उतरलो नाही, तसाच बसून राहिलो. दफेदारांनी बरगडीवर हात ठेवला. माळ अर्ध्यावर यायच्या आत घोडीचा श्वास बसला. मी वाट बघत होतो, आता थुंकतील.

थुंकले नाहीत. ठशांकडे गेले. वाकले. पट्टा एकदा बघितला, परत येऊन पुन्हा बघितला. मग जमिनीवर बसले. कंबर दुखते म्हणून कधी न बसणारा माणूस मांडी घालून बसला आणि एका ठशात बोट घालून बघत राहिला.

उठून व्हरांड्यापाशी गेले. मी घोडीवरूनच मागे गेलो.

"सरकार, घोडी पुढचा डावा पाय चोरतीय. उद्या पळवू नका."

व्हरांड्यात हशा पिकला. बाबासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "बघा! म्हटलं होतं ना मी? सुरुवात झाली. दफेदार, पाय एकच का? गेल्या वर्षी तर तीनच होते म्हणालात!"

"सरकार, ही शिवी न्हाई. खरं सांगतोय. डाव्याचा ठसा वर वर हाय, भार देत न्हाई त्याच्यावर."

"अजून!" व्यापाऱ्यांतला एकजण म्हणाला. "अजून येऊ द्या दफेदार. नुसत्या डाव्या पायावर काय भागतंय?"

डॉक्टर मात्र उठले. भला माणूस. घोडीचा पाय गुडघ्यापासून खुरापर्यंत दोनदा दाबून बघितला, चालवायला लावली, दुडकीने आणायला लावली. "मला तरी काही दिसत नाही," म्हणाले. "गरम नाही, सूज नाही. आणि दफेदार, पट्ट्याच्या त्या बाजूने काल लष्करी लॉऱ्या गेल्या आहेत. माती दबली असेल तिथे."

"आसंल," दफेदार म्हणाले. "दबली आसंल. पर मला तसं वाटत न्हाई."

"कोकणातला काय म्हणतो?" बाबासाहेबांनी मला विचारलं. "तू बसलायस वर. लंगडतीय?"

मला काहीच जाणवलं नव्हतं. मी तसं सांगितलं. देवाशपथ, मला अजूनही आठवून बघितलं तरी काही जाणवत नाही. "नाही सरकार."

"झालं तर मग! दफेदार, आता बाकीच्या शिव्या संध्याकाळी."

दफेदार घोडीकडे वळले, म्हणून वरून मला त्यांचा चेहरा दिसला, बाकीच्यांना फक्त पाठ दिसत होती. मिशीचं एक टोक त्यांनी दातात धरलं होतं. आयुष्यभर खोटं बोलून त्यांनी जनावरं जपली होती आणि आता खरं बोलायला गेले तर ते खोट्याच्याच डब्यात पडत होतं. लंगडी म्हटलं तर लोक टाळ्या वाजवणार. मेली म्हटलं असतं तरी वाजवल्या असत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग घोडीकडे. मग पुन्हा माझ्याकडे, डोक्यापासून रिकिबीतल्या पायापर्यंत.

मग ते व्हरांड्याकडे वळले आणि खड्या आवाजात बोलायला लागले.

"सरकार, माझं ऐका मग. आशी घोडी म्या जल्मात बघितली न्हाई. पलटनीत हजार घोडी बघितली, त्यात न्हाई. हिची मान बघा, देवाच्या पालखीची दांडी आशी वळत न्हाई. हिचा पाय बघा, मातीला इचारून टेकतीय. पळाया लागली की वारं मागं ऱ्हातं आन लाजतं. हिच्या डोळ्यात बघितलं की मला माझी मेलेली आई आठवती. लक्ष्मी हाय सरकार. तुमी नाव ठिवलं त्येच खरं. राजलक्ष्मी हाय ही."

हुसेनचा खरारा हातातच राहिला. पारूकाकू दारात आल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. केरसुणी कान टवकारून उभी होती. एवढं लांब बोलणं शिवीशिवाय तिनेही कधी ऐकलं नव्हतं.

बाबासाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. बेलापूरचा व्यापारी शेजारच्याच्या कानात काही पुटपुटला. दफेदारांनी घोडीची स्तुती केली! याचा अर्थ लावायला कोणाला पंचांग लागत नव्हतं.

"उतर रे," बाबासाहेब मला म्हणाले. आवाज कोरडा होता. "उतर खाली. घोडी पळणार नाही उद्या."

मी उतरलो. पाय जमिनीला लागले आणि मला रडू आलं. आईला काय सांगू, मामाला काय सांगू, हेच डोक्यात. दफेदार माझ्याकडे न बघता चुलीकडे गेले. मीठ, मोहरी, लाल मिरच्या ओंजळीत घेऊन आले आणि सगळ्यांच्या देखत केरसुणीवरून उतरवायला लागले. इडापिडा टळो, आल्यागेल्याची, पाप्याची, पुण्यवानाची आणि शेवटी हळू आवाजात, "दगड्याची दिष्ट उतरो." मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या. ठसका लागला नाही की नजर लागली होती असं समजतात. मी जवळ होतो, मला ठसका लागला. त्यांना लागला की नाही, त्यांनी दाखवलं नाही.

शर्यत झाली. जिंकला तो घोडा आदल्या वर्षी केरसुणीच्या खूप मागे राहिलेला होता. लोक बाबासाहेबांना भेटून हे आवर्जून सांगत होते.

खरा त्रास पुढे झाला. केरसुणीला काहीच झालं नाही. दहाबारा दिवस आराम मिळाला, मग पुण्याचा स्वार बरा होऊन आला, त्याने तिला मैदानावर पळवली आणि ती अशी पळाली की बघणाऱ्यांनी टोप्या उडवल्या. डावा पाय उजव्यासारखा, उजवा डाव्यासारखा. बाबासाहेबांनी दफेदारांना बोलावलं.

"दफेदार, आता सांगा. काय झालं होतं तिला?"

"पाय चोरत हुती."

"आता?"

"आता न्हाई चोरत. बरी झाली."

"पळवली असती तर?"

"मोडला आसता."

"कशावरून?"

न मोडलेला पाय दफेदार कोणाला दाखवणार? तो तर चांगला होता, घोडी चार पायांवर उभी होती, चंदी खात होती. मला वाटत होतं, काहीतरी बोला, भांडा, घोडा-पलटण-साहेब सगळं काढा. एरवी मिठावरून भांडणारा माणूस! पण नाही. उभे राहिले आणि म्हणाले, "मला वाटलं, सरकार."

बाबासाहेब वाईट माणूस नव्हते. पण चार लोकांत त्यांचं हसं झालं होतं. त्यांनी दफेदारांना गावी जायला सांगितलं. मला म्हणाले, तू राहा.

मी दफेदारांच्या खोलीत गेलो. ते पत्र्याच्या पेटीत कपडे ठेवत होते. मी चिडलो होतो, खरंच चिडलो होतो, त्यांच्यावर, बाबासाहेबांवर, त्या लॉऱ्यांवर. म्हटलं, "दफेदार, खरं सांगा. ती लंगडत होती का?"

"म्या काय देव हाय? वाटलं."

"नुसतं वाटलं?"

"वाटलं मंजी वाटलं. कोट दे तो इकडं."

"मग वाटण्यापायी एवढं सगळं? तुम्ही तिला चांगलं म्हणालात दफेदार. सगळ्यांच्या देखत."

त्यांनी कोटाची घडी घातली, मोडली, परत घातली. "मंग काय करनार?" म्हणाले. "वर तू बसनार हुतास. भरधावात पाय मोडला आसता तर तू उडून कुटं पडला आसतास? तुला गोळा कराया कोन गेलं आसतं? माझ्यानं वाकवत न्हाई." कोट पेटीत ठेवून म्हणाले, "आन पडाया अजून शिकलेला न्हाईस."

टांगा आला. पारूकाकू बसल्या, पेटी ठेवली. दफेदारांनी सवयीने टांग्याच्या घोड्याभोवती एक फेरी मारली, मान थोपटली आणि म्हणाले, "ह्या गाढवाला कुनी जुपलं?" टांगेवाला भिंगारचा, दफेदारांना ओळखणारा. तो इतका खूश झाला की भाडंच घेत नाही म्हणाला.

मी बाजूला उभा होतो. बोलायचं खूप होतं, पण रडू आलं की मला बोलता येत नाही. हुंदका वर यायचा आणि श्वास अडकायचा. दफेदार पुढे आले. मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवतील, एकदा तरी काही बोलतील. त्यांनी हात ठेवला, पण पाठीवर नाही. बरगडीवर. घोड्याच्या ठेवतात तसा पसरलेला तळहात. आणि सुरू केलं, त्याच लयीत, "मुडद्या, फुकटखाऊ, रडतोंड्या, उकिरड्याच्या राजा, खेचराच्या मेव्हन्या..."

माळ अर्ध्यावर होती, 'कुंभाराला नको झालेल्या'पाशी, तेव्हा माझा श्वास बसला.

ते थांबले. हात काढून घेतला. बाजूला वळून जमिनीवर थुंकले आणि टांग्यात चढले. टांगा वळला तेव्हा मागून फक्त फेट्याचा शेमला दिसत होता, आणि आवाज येत होता: "लगाम सैल सोड की रं, तुझ्या बापानं शिकिवलं न्हाई व्हय?"

मी अजून नगरलाच आहे, त्याच पागेत. केरसुणी आहे, पळते आहे. तिच्या डाव्या पायाकडे मी रोज बघतो आणि रोज मला काही कळत नाही. पारनेरकडून येणाऱ्या एका गाडीवानाने मध्यंतरी सांगितलं की दफेदार ओट्यावर बसून असतात, गावात घोडा नाही, बैलांना चांगलं म्हणतात. ते ऐकून मला अन्न गेलं नाही.

म्हणून मी ठरवलं आहे. आज माझ्याजवळ काही नाही, पण एक दिवस मी एक शिंगरू विकत घेईन. चांगलं, चार जणांनी वळून बघावं असं. ते घेऊन पारनेरच्या वाटेने चालत जाईन, दफेदारांच्या दारात उभं करीन, अंगणात माती ओली करून फळी ओढून सपाट करून देईन, आणि म्हणेन, दफेदार, बघा जरा. मग ते जे काही म्हणतील ते, त्याला आणि मला, हात जोडून, शेवटपर्यंत ऐकून घेईन.